छातीवरचा कॅमेरा: एक पावसाळा, एक उन्हाळा

निकाल आधीच सांगून टाकतो. हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली डोंगरी सायकल, चालवत असाल आणि व्हिडिओ बघताना घरच्यांना गरगरू नये एवढीच माफक अपेक्षा असेल, तर कॅमेरा छातीवर बांधा. हँडलबारवर नको, हेल्मेटवर कधीमधी. माझ्याकडे गोप्रो हिरो ११ ब्लॅक आहे, सायकलचा फोर्क (पुढचा शॉक) १२० मिलिमीटर दबणारा, आणि बहुतेक फिरणं पुण्याजवळच्या बोपदेव घाट-कानिफनाथच्या बाजूला. म्हणजे सुटा मुरूम, मध्येच उघडा पडलेला कातळ आणि पावसात त्यावरचं शेवाळ.

हँडलबार का नको? कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्र स्थिर ठेवायची सोय, जायरोस्कोप या हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवरून कॅमेरा किती हलला ते मोजतं आणि चौकटीच्या कडा कापून चित्र उलट दिशेला सरकवतं. मोठे, संथ हेलकावे त्याला सहज झेपतात. पण खडकाळ उतारावर हँडलबारमधून येणारी थरथर फार जलद असते. कॅमेऱ्याचा चित्र टिपणारा सेन्सर चित्राच्या ओळी एकामागून एक वाचतो आणि तेवढ्या वेळातही कॅमेरा हललेला असतो, म्हणून चित्र जेलीसारखं लिबलिबतं. शिवाय वळणावर हँडल फिरलं की अख्खा डोंगर फिरतो.

धडाचं तसं नाही. उतारावर आपण पेडलवर उभे असतो, कोपर आणि गुडघे दुमडलेले. सायकल खाली नाचते, छाती त्यामानाने शांत असते. खरा गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारं यंत्र) हे चार सांधेच. माउंटकडून, म्हणजे कॅमेरा धरणाऱ्या पट्ट्याकडून, माझी अपेक्षा इतकीच की त्याने स्वतःची थरथर त्यात घालू नये, आणि बाजारातले बरेचसे पट्टे नेमके इथेच मार खातात. पहिला स्वस्तातला पट्टा घेतला होता, त्याची छातीवरची प्लेट पातळ होती. दर धक्क्याला कॅमेरा मान डोलवायचा. आता जाड प्लेटचा पट्टा आहे. तो उभं राहून, पूर्ण श्वास घेऊन आवळतो, कारण बसल्या-बसल्या आवळला की उभं राहिल्यावर सैल पडतो. पाण्याची बॅग त्याच्यावरून चढवायची, म्हणजे बॅगेचे पट्टे त्याला आणखी दाबून धरतात.

प्लेट आणि कॅमेरा यांच्यातला जोड जितका आखूड तितका चांगला. लांब दांडी लावली की टोकाला दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन लोंबकळतं. क्लिपच्या खाचेत बसणारा रबराचा छोटा तुकडा काही माउंटांबरोबर मिळतो, तो फेकू नका. क्लिपचा खुळखुळाट त्यानेच थांबतो. स्क्रू हाताने पिळून भागत नाही. पान्याने अर्धा आटा जास्त द्या, पण प्लास्टिक आहे याचं भान ठेवून.

कोन ही सगळ्यात कटकटीची गोष्ट. सरळ उभं राहून लावलेला कॅमेरा सायकलवर वाकल्यावर फक्त टॉप ट्यूब (सायकलच्या सांगाड्याची वरची नळी) आणि पुढचं चाक दाखवतो. कॅमेरा उलटा टांगला की तो वर जास्त वळवता येतो. मग सायकलवर चढायचं, उतारावरची ठेवण घ्यायची आणि सोबत्याला मागच्या पडद्यावर बघायला सांगायचं: खालच्या कडेला हँडलबार आणि हात, बाकी वाट. चित्राची दिशा एकदा लॉक करून टाका.

आता उजेड. माउंटची चर्चा सगळे करतात, याची कुणी करत नाही. दाट झाडीत किंवा ढगाळ सकाळी कॅमेरा आपोआप शटर मंद करतो, आणि मग प्रत्येक चौकटीत धक्क्याचा पुसटपणा उतरतो. स्टॅबिलायझेशन चौकट सरकवू शकतं, पुसट झालेलं धारदार करू शकत नाही. त्यामुळे स्थिर चित्रातही मधूनच धूसर ठोके दिसतात. सावलीत मी सेकंदाला ५० फ्रेमवर शटर १/२०० सेकंद ठेवतो आणि आयएसओची, म्हणजे उजेडाच्या संवेदनशीलतेची, मर्यादा १६०० पर्यंत वाढवतो. चित्रात थोडे दाणे येतात, येऊ देत.

हिरो ११ मध्ये क्षितिज सरळ ठेवायची सोय आहे, ती मी बंदच ठेवतो. वळणावर सायकल कलते, तो कल गेला की मजाच गेली. ज्यांना बघताना मळमळतं त्यांनी जरूर चालू करावी. फारच खडबडीत तुकडा असेल तर कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बंद करून चित्रण करतो आणि घरी जायरोफ्लो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जायरोच्या नोंदींवरून स्थिर करतो. किती कापायचं ते आपल्या हातात राहतं. लॅपटॉप मात्र बराच वेळ घुमतो.

हेल्मेटवरून लांबचं छान दिसतं, पण उंचीमुळे उतार सपाट वाटतो आणि सोबती कुठे हसला तिकडे आपण वळून बघितलेलं सगळं व्हिडिओत येतं. पडलो तर डोक्यावर एक टणक गाठ नको, हाही विचार आहेच. हनुवटीही झाकणाऱ्या फुलफेस हेल्मेटच्या हनुवटीवर कॅमेरा उत्तम बसतो म्हणतात ते खरं. पावसाळ्यात स्वतःच्याच श्वासाने लेन्स धुकट होते, तेवढं सोसायची तयारी हवी.

छातीवर चिखल थेट पुढच्या चाकावरून येतो. मोठा मडगार्ड लावल्यापासून बरंच बरं आहे, तरी खिशात मऊ फडकं लागतंच. आवाजाचं विचाराल तर पट्ट्यावर जर्सी घासते ती ऐकू येते, चढावर धाप तर येतेच. उन्हाळ्यात घामाने पट्टा ताठ होतो आणि वास मारतो, म्हणून घरी आल्यावर साध्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवतो. इलास्टिक अजून सैल झालेलं नाही.