कॉर्निया की रेटिना? फेलोशिपचा अर्ज भरण्याआधी

नेत्ररोगातलं पदव्युत्तर शिक्षण संपत येतं, मोतीबिंदूवर हात बसलेला असतो आणि मग एकच प्रश्न डोक्यात घोळू लागतो: पुढे काय? बहुतेकांची ओढाताण कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) आणि रेटिना (डोळ्याच्या आतला, मागचा पडदा) या दोघांत होते. मी कॉर्नियावाला, हे आधीच सांगून टाकतो. तरी रेटिनाच्या पारड्यात जे पडायला हवं ते सगळं टाकणार आहे.

पहिला फरक वेळेचा. रेटिनात घड्याळ मागे लागलेलं असतं. पडदा सुटलाय, पण मॅक्युला, म्हणजे बारीक नजरेचा पडद्याचा मधला भाग, अजून जागेवर आहे, असा रुग्ण संध्याकाळी आला तर शस्त्रक्रिया लवकरात लवकर, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत व्हायला हवी. मॅक्युला सुटला की नजर पूर्वीसारखी होण्याची शक्यता घटते. कॉर्नियातही तातडीचं काम असतं. व्रणामुळे कॉर्नियाला भोक पडलं तर रात्रीही धावावं लागतं. पण एकंदरीत आमचा हिशोब कॅलेंडरवर चालतो. बुरशीचा व्रण भरायला आठवडे लागतात. पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणाचे टाके निघायला वर्ष किंवा त्याहून जास्त. आणि पाच-सहा वर्षं स्वच्छ राहिलेलं कलमही एखाद्या दिवशी शरीर नाकारू लागतं. डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, नजर धूसर होते. त्या रुग्णाला तुमचा फोन नंबर पाठ असावा लागतो.

निदानाचा आनंद मात्र कॉर्नियात वेगळाच. रेटिनात ओसीटी (पडद्याचं स्कॅन) आणि अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांची छायाचित्रं) थरन्‌थर उलगडून दाखवतात, तेही सुंदरच असतं. पण कॉर्नियात अनेकदा उत्तर काचपट्टीवर असतं. व्रणाची कड ब्लेडने हलकेच खरवडायची, पट्टीवर घ्यायची, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. फांद्या फुटलेले बारीक दोरे दिसले की बुरशी. बऱ्याचदा त्या डोळ्यात आधीच कुणीतरी स्टिरॉइडचे थेंब घातलेले असतात आणि दुखणं चिघळलेलं असतं. मग नॅटामायसिन हे बुरशीवरचे थेंब, तासातासाला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, तंतुमय बुरशीवर हे जुनं औषधच नव्या व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियम या बुरशीवर. हे काम चिकाटीचं आहे. पैसाही फारसा देत नाही. चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेझरचा आधार असल्याशिवाय अनेकांची व्रणांची ओपीडी तगत नाही. फक्त लेझरसाठीच कॉर्निया घेणार असाल, तर तो वेगळा निर्णय आहे आणि या लेखाचा फारसा उपयोग नाही.

शस्त्रक्रियेचं बोलायचं तर दोन्हीकडे हाताची परीक्षा आहे. रॉबर्ट माखेमर यांनी 1970 च्या सुमारास डोळा मोठा न उघडता, बारीक छिद्रातून आत शिरून व्हिट्रेक्टॉमी (डोळ्याच्या आतला जेलीसारखा भाग काढणं) करून दाखवली. तेव्हाचं 17 गेजचं उपकरण आज 25 आणि 27 गेजवर आलं आहे (आकडा मोठा तितकं उपकरण बारीक). अंधारी खोली, एका हातात दिवा, दुसऱ्या हातात कटर आणि शेजारी मोठं यंत्र. ज्याला यंत्राशी जमतं तो तिथे रमतो.

कॉर्नियाची गोष्ट जुनी आहे. एदुआर्द झिर्म यांनी 7 डिसेंबर 1905 रोजी ओलोमोउत्समध्ये, चुन्याने डोळे भाजलेल्या माणसावर प्रत्यारोपण केलं आणि एका डोळ्यातलं कलम स्वच्छ राहिलं. त्यानंतर जवळजवळ शतकभर मुख्य मार्ग पूर्ण जाडीचाच होता. मग थर सुटे झाले, म्हणजे बिघडलेला थर तेवढा बदलता येऊ लागला. गेरिट मेलेस यांनी 2006 साली मांडलेल्या डीमेक या शस्त्रक्रियेत आपण फक्त डेसेमेट पापुद्रा (कॉर्नियाचा आतला पातळ थर) आणि त्यावरच्या पेशी बसवतो. मध्यभागी साधारण 540 मायक्रॉनच्या कॉर्नियातले जेमतेम पंधरा-वीस मायक्रॉन. निळ्या रंगात बुडवलेला हा पापुद्रा डोळ्यात सोडला की सुरळी होऊन बसतो. त्याला हात लावायचा नाही. बाहेरून कॉर्नियावर बोथट कॅन्युलाने (बारीक नळीने) टकटक करत, पाण्याच्या लाटेवर तो उलगडायचा, बाजू उलटी नाही ना हे पाहायचं, मग खाली हवेचा बुडबुडा सोडून चिकटवायचा. तरुण दात्याचा पापुद्रा जास्त घट्ट वळतो, म्हणून इथे वयस्कर दाता बरा पडतो.

दाता! खरा फरक इथे आहे. रेटिनावाल्याला पडदा टेकवून ठेवायला सिलिकॉन तेल हवं तेव्हा मिळतं, गॅस मिळतो. आम्हाला कुणीतरी गेल्याची बातमी यावी लागते आणि त्या घरातल्यांनी त्या तासांत होकार द्यावा लागतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार गरज असलेल्या सत्तर जणांमागे एकच कॉर्निया मिळतो. म्हणून नेत्रपेढी हा आमच्या कामाचा अर्धा भाग आहे: पेशींची मोजणी, ऊतक वापरायचं की नाकारायचं, प्रतीक्षायादीत आज कुणाला बोलवायचं. ज्याला हे सगळं शस्त्रक्रियेबाहेरचं झंझट वाटतं, त्याने कॉर्निया घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन.

रुग्णही वेगळे. रेटिनात मधुमेही, वयोमानाने मॅक्युला झिजलेले, अपुऱ्या दिवसांची बाळं. पुन्हा पुन्हा इंजेक्शनं. आणि यश म्हणजे बऱ्याचदा ‘आणखी बिघडलं नाही’. कॉर्नियात डोळ्यात फूल पडलेला माणूस पुन्हा पाहू लागतो, तेव्हा ते घरातल्या सगळ्यांना दिसतं. केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो) विशी-पंचविशीतली मुलं येतात, ज्यांचा आजार क्रॉसलिंकिंगने, म्हणजे थेंब आणि अतिनील किरणांनी कॉर्निया घट्ट करून, बहुतेक वेळा थोपवता येतो. पण रसायनाने दोन्ही डोळे भाजलेला किंवा स्टीव्हन्स-जॉन्सनचा (बहुधा औषधाच्या तीव्र रिॲक्शनने होणारा आजार) रुग्ण दहा वर्षं तुमच्याकडे येईल आणि तरीही दर वेळी हातात काहीतरी देता येईलच असं नाही. तिथे थकायला होतं.

फेलोशिप निवडताना जागेच्या नावाला भुलू नका. तिथे गेल्या वर्षी शिकलेल्यांना गाठा आणि नेमकं विचारा. थरांची प्रत्यारोपणं किती पाहिली नव्हे, स्वतः किती केली? काचपट्टी कोण वाचतं, तुम्ही की प्रयोगशाळा? नेत्रपेढी आवारातच आहे का, आणि दात्याच्या घरच्यांशी बोलायला फेलोला पाठवतात का? रेटिनासाठी विचारा: सुटलेले पडदे फेलोच्या हाती किती येतात, की दोन वर्षं इंजेक्शनंच द्यायची? आणि दोन्हीकडे एकेक सोमवार बसून या, सकाळी ओपीडी उघडल्यापासून शेवटचा रुग्ण जाईपर्यंत.