बुडून वाचायचं कुठे: घरचा कूलर की फुटाळा तलाव?

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 वर गेला की दुपार घरातच जाते. कूलरच्या टाकीत चार बादल्या पाणी, वाळ्याचा ओला वास, खाली सतरंजी आणि हातात जाडजूड कादंबरी. त्या घरघरीत दाराची बेलही ऐकू येत नाही. परवा गॅसवरचं दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं, तोवर माझी पन्नास पानं झाली होती. तक्रार एकच: हवेनं पान सारखं उलटतं, कोपऱ्यावर चष्म्याचं घर ठेवावं लागतं.

फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी वारा छान. पण भुट्टेवाला, हॉर्न, सेल्फ्या. शिवाय सातला उजेड जातो. तिथे फार तर कविता वाचाव्यात. कादंबरीला कूलरच पाहिजे, फक्त लाईट जायला नको.