आठ दिवसांच्या पैशात महिनाभराचा पास: स्विस रेल्वेच्या नावाखाली २ लाखांचा चुना

२,०६,१६८ रुपये. आमच्या घरच्या पाच माणसांनी स्वित्झर्लंडमध्ये आठ दिवस रेल्वेने फिरायचे, त्याचे हे बिल. तालुक्याच्या बसस्टँडसमोरच्या गाळ्यातल्या एजंटने दिलेले, शिक्क्यानिशी, जीएसटी नंबरासकट. आम्ही नवरा-बायको, ६८ वर्षांचे बाबा, १३ आणि ९ वर्षांची दोन मुले. पैसे मार्च २०२४ मध्ये दिले, प्रवास मे महिन्यात. यवतमाळ जिल्ह्यातून यंदाही बरेच जण जाणार आहेत, म्हणून बिलातली ओळ न् ओळ इथे उकलून ठेवतो. असले एजंट कसे गोड बोलतात हे सगळ्यांना माहीत आहे, ते सांगत बसत नाही.

दोन मोठ्यांचे पास, प्रत्येकी ४१,५०० रुपये. आठ दिवसांचा सेकंड क्लास स्विस ट्रॅव्हल पास (तेवढे दिवस वेगळे तिकीट न काढता फिरायचे) २०२४ मध्ये ४१९ फ्रँकचा, म्हणजे तिथल्या चलनात, होता. फ्रँक तेव्हा ९४ रुपयांच्या आसपास, म्हणजे ३९,३८६. वरचे दोन हजार कमिशन समजू, पोट सगळ्यांनाच आहे. बाबांचा पास 'ज्येष्ठ नागरिक सवलतीने' ३६,०००. या पासात ज्येष्ठांना सवलतच नाही! सवलत आहे ती २५ वर्षांखालच्या तरुणांना, ३० टक्के. मूळ दरापेक्षा ३,३८६ रुपये कमी भावात एजंट पास आणणार होता कुठून? मुलांचे अर्धे पास, २०,७५० चे दोन. ६ ते १५ वर्षांची मुले पासधारक आई किंवा वडिलांसोबत स्विस फॅमिली कार्डावर फुकट जातात. ते कार्डही फुकटच मिळते, त्याचेही या माणसाने २,५०० लावले. (आजोबांसोबत एकटी मुले पाठवली तर हे कार्ड चालत नाही, आई किंवा बाप सोबत लागतो. हेही कोणी सांगत नाही.)

मग 'सर्व गाड्यांचे सीट रिझर्वेशन', माणशी ४,८०० प्रमाणे २४,०००. स्वित्झर्लंडच्या आतल्या साध्या गाड्यांना रिझर्वेशन लागत नाही, समोर येईल त्या गाडीत चढायचे. सक्तीचे आहे ते ग्लेशियर एक्स्प्रेससारख्या मोजक्या पर्यटक गाड्यांना. पण विदर्भ एक्स्प्रेसच्या वेटिंग लिस्टवर आयुष्य काढलेल्या माणसाला 'रिझर्वेशन लागत नाही' हे सुचणार तरी कसे? एजंटांना हे पक्के ठाऊक असते.

बेरीज १,८७,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी ९,३५०. वरून ५ टक्के टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून आगाऊ घेतलेला आयकर, ९,८१८. नुसत्या रेल्वे पासवर टीसीएस लागत नाही. परदेशी टूर पॅकेज असेल, म्हणजे तिकीट, हॉटेल, तसाच इतर खर्च यांपैकी दोन गोष्टी एकत्र विकल्या असतील, तरच लागतो. आणि खरा कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसतो. आमच्यात शून्य. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर निघाले बियाणे-खतांचे दुकान, नोंदणी रद्द झालेले. हे तपासायला दोन मिनिटे लागतात आणि लॉगिनही लागत नाही. पैसे द्यायच्या आधी तपासा, नंतर तपासून फक्त बीपी वाढतो.

आता मुख्य मेख. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आल्या. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, क्यूआर कोड खरा. वर लिहिलेले 'स्विस हाफ फेअर कार्ड', आणि मुदत आठ दिवस नाही, एक महिना! इथेच थांबायला हवे होते, हे आता कोणीही शहाणा सांगेल. विचारले होते की. उत्तर आले, "भाऊ, ओळखीनं काम केलं. आठ दिवसाच्या पैशात तुमाले महिनाभराचा काढून देल्ला." आणि 'हाफ' कशाला? "अर्ध्या भावात बसोला म्हणून." मोजून घेतलेल्यापेक्षा माप जास्त भरले म्हणून भांडायला कोण जातो? आपल्या एसटीत ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट, बायकांना अर्धे तिकीट. बाबांच्या आणि सुनेच्या कागदावर 'हाफ' दिसले तर घरात कोणाला खटकणार? हाच शब्द माझ्या कागदावरही होता, ते सोडा.

हाफ फेअर कार्ड हा पास नाही. ते सवलतीचे कार्ड आहे. २०२४ मध्ये १२० फ्रँकचे, एक महिना चालणारे. त्यावर प्रत्येक प्रवासाचे अर्ध्या दराचे तिकीट वेगळे काढावे लागते. तीन कार्डांचे ३६० फ्रँक, म्हणजे ३३,८४० रुपये, एवढाच त्याचा खर्च. उरलेले १,७२,३२८ खिशात. खोटा कागद बनवण्याची गरजच नाही, म्हणून हा प्रकार जास्त घातक. क्यूआर स्कॅन होतो, कार्ड खरे निघते, आणि टीसी शांतपणे विचारतो, "तिकीट?" झुरिक विमानतळावरून ल्युत्सर्नला जाताना तिघांना माणशी १०० फ्रँक भरावे लागले. ३०० फ्रँक, २८,२०० रुपये. मुलांना त्याने सोडले.

अशी वेळ कोणावर आलीच तर भांबावून तिथल्या तिथे नवे पास घेऊ नका. तिघांचे १,२५७ फ्रँक जातील. कार्ड खरे आहे, तेच वापरा. एसबीबीच्या, म्हणजे स्विस रेल्वेच्या, अॅपमध्ये तिकीट काढताना 'हाफ फेअर' निवडले की दर निम्मा होतो. आठ दिवसांची तिघांची तिकिटे ६१२ फ्रँकमध्ये झाली. कार्ड आणि तिकिटे मिळून ९७२ फ्रँक, पासपेक्षा २८५ नी स्वस्त! युंगफ्राउयोख या उंच डोंगरावरच्या स्टेशनला तर कार्डावर ५० टक्के सूट मिळते, पासवर ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांच्या पुढे फक्त २५. 'युंगफ्राउ पासमध्ये फुकट' म्हणणारा एजंट सरळ खोटे बोलतो. पासवर फुकट आहे ती रिगी डोंगराची गाडी. एकाच गावी मुक्काम आणि दोन-तीन मोठे डोंगर असतील तर कार्ड, रोज नवे गाव आणि बोटी-बसही असतील तर पास. या माणसाने खरे सांगून हेच कार्ड विकले असते आणि पाच हजार मागितले असते, तर आनंदाने दिले असते. चोराने नकळत योग्य वस्तू दिली आणि तिच्यावरच दरोडा घातला.

एकूण नुकसान २,००,५२८ रुपये.

आता तक्रारीचे. ठाण्यात पहिले वाक्य, "त्यानं कार्ड तं देल्लं ना? मंग फसोलं कसं?" दुसरे, "हा दिवाणी मॅटर आहे." तिसरे, दंड स्वित्झर्लंडमध्ये झाला तर तक्रार तिकडे द्या! पैसे तालुक्यात दिले, बिल तालुक्यात बनले, गाळा ठाण्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तक्रार ल्युत्सर्नला? सायबर शाखेत पाठवले तर ते म्हणाले, माणूस ओळखीचा आहे, हा सायबर गुन्हा नाही, ठाण्यात जा. पुन्हा ठाण्यात गेलो तोवर १ जुलै २०२४ उजाडला, नवे कायदे आले, आणि वाद सुरू झाला की फसवणुकीचे जुने ४२० कलम लावायचे की भारतीय न्याय संहितेचे ३१८. गुन्हा मार्चचा, म्हणून भारतीय दंड संहितेचे ४२० कलमच लागते, एफआयआर नोंदवण्याची पद्धत मात्र नव्या कायद्याची. हे फिर्यादीने पोलिसांना समजावून सांगायचे. १,५०,००० बँकेतून गेले होते, त्याचा पुरावा आहे. ५६,१६८ रोख दिले, कच्च्या पावतीवर, "त्याचं तं विसराच" असा सल्ला टेबलामागून चहा पिता पिता मिळाला. बँकेने सांगितले, तुम्ही स्वतःच पाठवले, आम्ही काय करणार. एका टेबलावर कागद स्वीकारला, पण पोच दिली नाही. पोच मागितली तर साहेब जेवायला गेले.

तोंडी तक्रार करूच नका. लेखी द्या, शिक्का घ्या. एफआयआर घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवा, तिथेही हलले नाहीत तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. त्यासोबत ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन, उद्या नाही.

हाच खेळ दुसऱ्या देशांच्या नावानेही चालतो. युरेल या युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या रेल्वे पासात ४ ते ११ वर्षांची मुले मोठ्यांच्या पाससोबत फुकट, तरी पैसे घेतात. फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीच्या तसल्याच वेगवान गाड्यांना युरेल पास असूनही सीटचे वेगळे पैसे लागतात, ते लपवतात. जपानचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ पासून २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योटो एका बाजूचे साधारण १४,००० येन लागतात, तेवढे जाऊन येणाऱ्याला पास विकणारा कमिशनसाठीच विकतो.

पास स्वतः काढता येतो. एसबीबी डॉट सीएच उघडा, बँकेत सांगून कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या, पासपोर्टवरचे नाव आणि जन्मतारीख जशीच्या तशी टाका, पीडीएफ तुमच्याच ईमेलवर येते. एजंटकडूनच घ्यायचा असेल तर व्हॉट्सअॅपवरची कापलेली पीडीएफ नको, मूळ खरेदीचा ईमेल पुढे पाठवायला लावा, त्यात किंमत फ्रँकमध्ये असते. कागदावर वस्तूचे नाव, क्लास, किती दिवस, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, या चार गोष्टी बिलाशी जुळल्या नाहीत तर दुसरा हप्ता देऊ नका.

ग्राहक आयोगाची नोटीस 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आली. गाळा तोच आहे, बोर्ड बदललाय, आत भाचा बसतो, आणि सध्या दुबईची बुकिंग सुरू आहे.