सरकारी हॉस्पिटलचं एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी) क्लिनिक: साडेतीन स्टार, आणि त्यातले तीन आतल्या मॅडमचे

मुलगा पाचवीत, मराठी मीडियम. तोंडी विचारा, सगळं येतं. लिहायला बसला की "भ" चा "म", "ध" चा "घ", कमळ चं कळम. टीचर म्हणायच्या लक्ष नाही, सासूबाई म्हणायच्या आळशी आहे, आणि खरं सांगते, चिडले की मीही तेच म्हणायचे. शेवटी शाळेतल्याच एका बाईंनी हळूच बाजूला घेऊन सांगितलं, एकदा एलडीची, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकण्यातच काही अडचण आहे का याची, टेस्ट करून घ्या.

घाईघाईत आधी गेलो प्रायव्हेटला. एसी, मासे पोहतायत, ९,५०० रुपये, आणि आठ दिवसांत बावीस पानांचा स्पायरल रिपोर्ट. रिपोर्ट वाईट नव्हता हो, पण शाळेत दिला तर क्लार्क म्हणाला परीक्षेतल्या सवलतीसाठी हा चालणार नाही, सरकारी हॉस्पिटलचं सर्टिफिकेट आणा. पैसे घेताना हे कोणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. तुम्ही विचारा. ते सेंटर दोन स्टार, त्यातला एक माशांना.

मग मुंबईतलं हे हॉस्पिटल. नाव लिहीत नाही, तिथे अजून परत जायचंय. केस पेपरचे दहा रुपये आणि पुढे साडेचार महिने. एकूण सात फेऱ्या, डोंबिवलीहून, प्रत्येक वेळी माझी सुट्टी आणि त्याची शाळा बुडवून. पहिल्यांदा लहान मुलांचे डॉक्टर, मग डोळे, मग कान. तेव्हा वाटलं उगाच फिरवतायत, पण त्याला कारण आहे, ऐकू कमी येतंय किंवा दिसतच नाहीये म्हणून मूल मागे पडत नाही ना, हे आधी बघावंच लागतं. फक्त हे तीन विभाग तीन बिल्डिंगमध्ये आणि तिघांचे ओपीडीचे वार वेगळे, त्याला मात्र काहीच कारण नाही. डोळ्यात ड्रॉप टाकल्यावर पोराला चार तास धूसर दिसत होतं आणि त्याच दिवशी कागद दाखवायला दुसऱ्या बिल्डिंगला पाठवलं, तिथे खिडकीवरच्या मावशी न बघताच म्हणाल्या, "झेरॉक्स कुठंय? एकच? दोन लागतात."

त्यानंतर आयक्यूची टेस्ट. टेस्ट घेणाऱ्या आतल्या मॅडमनी मला मागे खुर्चीवर बसू दिलं, "बोलायचं नाही हं आई" एवढ्या अटीवर. लाल-पांढरे ठोकळे लावून चित्रासारखं डिझाइन करायचं होतं. पठ्ठ्याने फटाफट लावले, मला एक अर्धा दिसेपर्यंत ह्याचं पूर्ण. मॅडमनी स्टॉपवॉच दाबलं आणि काही न बोलता पुढचं कार्ड ठेवलं. दहा वर्षांत त्याला कुठल्याही परीक्षेत असं आरामात बसलेलं मी बघितलं नव्हतं. आणि पुढच्या फेरीला शुद्धलेखन. "प्रकाश" सांगितलं, त्याने "परकाश" लिहिलं, स्वतःलाच पटलं नाही, खोडलं, परत तेच लिहिलं, परत खोडलं, कागद फाटला. मॅडम म्हणाल्या राहू दे, नवीन कागद घे, आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी बाहेर येऊन पाणी प्यायले.

एक तक्रार आहेच. वाचनाचा अर्धा भाग इंग्रजीतून घेतला. मराठी मीडियमचं पोर, इंग्रजी उतारा अडखळतच वाचणार, त्यावरून डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) कसा ठरवणार? नंतर कळलं की मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने डाली नावाची टेस्ट काढलीये, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. मी ते विचारलं तर मॅडम रागावल्या नाहीत, त्यांनी मराठीचा उतारा वेगळा घेतला आणि तोच रिपोर्टमध्ये धरला. म्हणून विचारा, लाजू नका.

सर्टिफिकेटवर डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) दोन्ही लिहून आलं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हे धरलेलं आहे, आणि आपल्या राज्यात तर दहावीला एलडीच्या मुलांना १९९६ पासून सवलती आहेत, जादा वेळ, रायटर (मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारा) वगैरे. मिस्टरांना "दिव्यांग" शब्दच सहन होईना, दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. मग पोरगाच म्हणाला, "बाबा, म्हणजे मी ढ नाहीये ना?" तेव्हापासून फाइल तेच सांभाळतात.

कोणी "अजून लहान आहे, बघू नंतर" म्हणत असेल तर ऐकू नका. सर्टिफिकेट मुलाला आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, पण नववी-दहावीत धावत येणारे आईबाप मी त्या बाकावर बघितलेत, बोर्डाच्या तारखा डोक्यावर आणि नंबर तीन महिन्यांनी. आणि सर्टिफिकेट म्हणजे उपाय नाही, हेही तिथे कोणी नीट सांगत नाही. रेमेडियल (अशा मुलांसाठीची खास शिकवणी) बाहेर शोधावं लागतं, आमचं आठवड्यातून दोनदा चालू आहे, एका तासाचे ६०० जातात.

जाताना न्यायचं ते: शाळेचा रिपोर्ट (मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का दोन्ही, नुसत्या सहीवर आमची एक फेरी वाया गेली), मागच्या दोन वर्षांच्या वह्या, मार्कलिस्ट, आधार, जन्मदाखला, डबा, पाण्याची बाटली, आणि मुलासाठी काहीतरी खेळायला कारण तिथे रेंज नाही. सकाळी आठच्या आत पोहोचा. चौदा पूर्ण झाल्यावर परत टेस्ट करायची आहे, मग अठराला. मी सगळ्याच्या आत्ताच चार-चार झेरॉक्स काढून ठेवल्यात, मावशींनी पाच मागितल्या तर मात्र कठीण आहे.