उघडी रेंज की बंद किचनर? इंग्लंडच्या जुन्या घरात कोळशाची बिडाची रेंज पुन्हा पेटवण्याआधी

इंग्लंडमध्ये व्हिक्टोरियन काळातलं घर घेतलं की कधी कधी स्वयंपाकघरातल्या खोट्या भिंतीमागे बिडाची रेंज, म्हणजे भिंतीच्या कोनाड्यात बसवलेली कोळशाची मोठी चूल, निघते. कधी नुसता रिकामा कोनाडा मिळतो आणि जुन्या बांधकाम सामानाच्या वखारीतून एखादी रेंज आणावी असं वाटू लागतं. दोन्ही वेळा निवड मुख्यतः दोन प्रकारांत असते: समोरून जाळ दिसणारी उघडी रेंज आणि जाळ लोखंडी झाकणाखाली कोंडलेली बंद रेंज, म्हणजे किचनर. माझं मत आधीच सांगतो. रेंज खरोखर पेटवायची असेल तर उघडी घ्या. किचनरच्या वाट्याला जायचं तर ती मूळ जागी बसलेली असावी आणि हिवाळाभर तिच्यावर रोज स्वयंपाक करायची तयारी असावी.

उघड्या रेंजची कल्पना जुनी. लंडनच्या थॉमस रॉबिन्सनने 1780 मध्ये तिचं पेटंट घेतलं. मध्ये कोळशाची जाळी आणि तिला खेटून लोखंडी ओव्हन, एवढीच रचना. पुढे दुसऱ्या बाजूला पाणी तापवायची टाकी आली. सुरुवातीच्या ओव्हनला एकाच बाजूने आच लागे, त्यामुळे जाळाकडची बाजू करपायची आणि पलीकडची कच्ची राहायची. नंतर ओव्हनभोवती धूर फिरवणारा मार्ग आला आणि ती अडचण बरीच कमी झाली. उत्तर इंग्लंडमध्ये यॉर्कशर आणि डरहॅमकडे हाच प्रकार टिकला. डरहॅमच्या खाणकामगारांना पगारासोबत कोळसा मिळायचा. कोळसा जपून जाळायची घाई नव्हती आणि त्याच जाळावर खोलीही तापायची.

बंद रेंजचं पेटंट एक्सेटरच्या जॉर्ज बॉडलीने 1802 मध्ये घेतलं. जाळावर बिडाचं जाड झाकण बसवलं की त्यावर एकाच वेळी अनेक भांडी ठेवता येतात आणि ती काजळीने काळी होत नाहीत. लेमिंग्टनच्या विल्यम फ्लेव्हलने तिला जे रूप दिलं, तेच ‘लेमिंग्टन किचनर’ म्हणून गाजलं. इथे गरम धूर सरळ धुरांड्यात जात नाही. ओव्हनच्या माथ्यावरून, कुशीतून आणि बुडाखालून फिरून तो वर जातो. कुठला मार्ग उघडा ठेवायचा ते डॅम्परच्या पट्ट्या ओढून ठरवायचं.

दुरुस्तीची खरी अडचण याच मार्गांत आहे. किचनरचे धूरमार्ग बऱ्याचदा मागच्या विटांच्या बांधकामात असत. रेंज उचलून वखारीत आणली की ते मार्ग जुन्या घरातच राहतात आणि तुमच्या हातात येतो तो नुसता देखणा दर्शनी भाग. ते मार्ग नव्याने बांधायचे तर अग्निवीट, अग्निरोधक सिमेंट आणि हे काम पूर्वी केलेला गवंडी लागतो. एक सांधा गळका राहिला तरी धूर वर खेचणारी ओढ तुटते. मग ओव्हन तापत नाही आणि धूर खोलीत येतो. उघड्या रेंजला बहुतेक वेळा ओव्हनभोवतीचा एकच मार्ग असतो. त्यात चूक झाली तर ओव्हन मंद राहील, पण जाळ धुरांड्याखाली नीट जळत राहील.

बिडाच्या दुरुस्तीचे नियम दोन्हींना सारखेच. बीड ठिसूळ असतं, पाट्या सुट्या करताना हातोडा वापरू नका. गंजलेल्या बोल्टवर भेदक तेल सोडून दोन दिवस थांबा. तरी सुटला नाही तर बोल्ट कापा, पाटी वाचवा. शोभेच्या भागातली भेग न तापवता धातूच्या टाक्यांनी शिवता येते. जाळाला लागून असलेल्या भागाला मात्र जोड देण्यात अर्थ नाही, ती पाटी नवीनच ओतून घ्यावी. जुनी पाटी साचा म्हणून द्यायची तर लक्षात ठेवा, बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं. साचा तेवढा वाढवला नाही तर नवी पाटी खाचेत सैल बसते.

गंज काढला की लगेच कोरडं करा आणि ग्राफाइटची काळी पॉलिश घासा. आपल्याकडे बिडाच्या तव्याला तेल मुरवतात, तसं इथे दर्शनी भागावर करू नका. तेल चिकट होतं आणि तापलं की वास मारतं. ओव्हनच्या आत कुठलाही रंग नको. काठांवरच्या पोलादी पट्ट्या मुळात चकचकीत असत. त्याही काळ्या करून टाकलेल्या पाहिल्या की मला फार वाईट वाटतं.

आता जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी. मागे जुनी पाण्याची टाकी असेल आणि तिच्या नळ्या बंद करून टाकल्या असतील, तर जाळ पेटवल्यावर आतल्या वाफेने टाकी फुटू शकते. टाकी काढून टाकेपर्यंत किंवा तिला भोक पाडून मोकळी करेपर्यंत काडी लावू नका. फटी बुजवणाऱ्या जुन्या दोऱ्यांत आणि भरावात अॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून तपासणीआधी काहीही खरवडू नका. धुरांडं साफ करून घ्या, धूर सोडून त्याची चाचणी करून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा.

इंधनाच्या बाबतीत जुनी हौस तशीच्या तशी भागत नाही. 1952 च्या डिसेंबरमधल्या लंडनच्या विषारी धुक्यानंतर 1956 चा स्वच्छ हवा कायदा आला. आता तर 1 मे 2023 पासून इंग्लंडमध्ये घरगुती वापरासाठी साध्या दगडी कोळशाची विक्रीच बंद आहे. उरतात अँथ्रासाइट, म्हणजे फार कमी धूर करणारा कठीण कोळसा, आणि बिनधुराचे तयार गोळे. अँथ्रासाइटला खालून जोरदार हवा लागते. उघड्या जाळीत ते नीट पेट घेत नाही, किचनरमध्ये चांगलं जळतं. इथे किचनर सरस ठरते. उघड्या रेंजसाठी उघड्या जाळीचेच गोळे घ्या, कारण पेट्रोलियम कोकचे काही गोळे इतके तापतात की जुन्या जाळीचे गज वाकतात.

स्वयंपाकात किचनर पुढे आहे, हे मान्यच करायला हवं. तिच्या झाकणावर कुठे कडक तर कुठे मंद आच मिळते, त्यामुळे डाळ, भात आणि तवा एकाच वेळी चालतात. पण ती तापायला वेळ घेते आणि एकदा तापली की दिवसभर खात राहते. उघड्या रेंजवर एखाद-दुसरं भांडं बसतं, गजांसमोर भाकरी उभी करून फुगवता येते आणि संध्याकाळी तीच शेकोटी होते. वांगं मात्र या निखाऱ्यात खुपसू नका. हा लाकडाचा निखारा नाही, यात गंधक असतं.

रेंजचं वय शोधायचं तर पाट्यांच्या पाठी बघा. चौकटीच्या आकाराची नोंदणीखूण असेल तर डिझाइन 1842 ते 1883 मधलं. 1884 पासून खुणेऐवजी ‘आरडी नंबर’, म्हणजे नोंदणी क्रमांक, येतो. नोंदवह्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ही तारीख डिझाइनची असते, ओतकाम त्यानंतर कितीतरी वर्षांनीही झालेलं असू शकतं. पुढच्या दारावरचं नाव अनेकदा ओतशाळेचं नसून गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानदाराचं असतं.

घर ऐतिहासिक वारशाच्या यादीत असेल तर जागेवरची रेंज काढण्याआधी नगरपालिकेची परवानगी लागू शकते. अशा घरात किचनर जागेवर आणि मागचे मार्ग शाबूत असतील, तर तीच दुरुस्त करा. वखारीतून घेणार असाल तर विकणाऱ्याला सगळे भाग जमिनीवर कोरडे जुळवून दाखवायला सांगा. ओव्हनचं बूड आतून टोचून बघा आणि जाळीची बैठक तपासा. उघड्या रेंजचे हे दोन भाग धड असतील तर बाकीचं जमवता येतं. वखारीतल्या किचनरसाठी मात्र नुसत्या शोभेच्या वस्तूएवढीच किंमत मोजा.