बेगोनिया पॅव्होनिना: निळी पानं, काचेची पेटी आणि पुण्याचा उन्हाळा

विक्रेत्यांच्या फोटोत बेगोनिया पॅव्होनिना हे पानांसाठी लावायचं रोप मोरपिशी निळं झळाळत असतं. घरी आणल्यावर ही बेगोनिया खरंच तशी दिसते का, हाच प्रश्न मला सगळे आधी विचारतात. दिसते. पण सारखी नाही, आणि भरपूर उजेडात तर नाहीच. रोप ठेवलेल्या काचेच्या पेटीतला दिवा बंद करायचा, मोबाइलचा टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरायचा आणि पानाकडे बघायचं. साधं हिरवं पान एकदम पोलादी निळं होतं. टॉर्च थोडा सरकवला की परत हिरवं. आमच्या सासूबाई रात्री पाणी प्यायला उठल्या की टॉर्च घेऊन पेटीपाशी थांबतातच.

या पानांत निळं रंगद्रव्य नसतं. वरच्या थरातल्या पेशींमध्ये वेगळ्या घडणीची हरितलवकं (पानाला हिरवा रंग देणारे, प्रकाश शोषणारे सूक्ष्म कण) असतात. त्यांच्या आतले पापुद्रे कपाटात रचलेल्या इस्त्रीच्या साड्यांसारखे, ठरावीक अंतर राखून एकावर एक बसलेले असतात. त्यामुळे निळा प्रकाश परत फिरतो आणि हिरवा-लाल प्रकाश जास्त शोषला जातो. दाट जंगलात झाडांच्या छतातून गळून खाली पोचतो तो मुख्यतः हाच उजेड. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली हे प्रसिद्ध केलं. मंद उजेडात अशा रचनेमुळे प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता ५ ते १० टक्क्यांनी वाढते, असं त्यांना आढळलं. पेटी लावणाऱ्याने यातून एकच गोष्ट घ्यायची: दिवा मंद हवा. जास्त उजेडात वाढलेली नवी पानं नुसती हिरवी येतात आणि मग लोक विक्रेत्याला बोल लावतात.

रोपाला बाराशे रुपये पडले, कुरियरचे वेगळे. मुळांभोवती ओलं मॉस (शेवाळ), वर पारदर्शक डबा आणि बाहेरून थर्माकोल, अशी बांधणी होती. तीन पानं आली, त्यातल्या एकाची कड काळी पडली होती, बाकी रोप ताठ होतं. मागवण्याआधी मी विचारलं होतं की रोप कलमाचं आहे की जंगलातून उपटलेलं. या विक्रेत्याने लगेच आपल्या आईरोपाचा फोटो पाठवला. दुसऱ्या एकाने या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही, त्याच्याकडे रोप दीडशेने स्वस्त असूनही मी घेतलं नाही. तुम्हीही घेऊ नका. मलेशियातल्या कॅमेरॉन हायलंड्सच्या डोंगरी जंगलातलं हे झाड आहे, वनस्पतिशास्त्रज्ञ रिडली यांनी १९०९ मध्ये त्याला नाव दिलं. आपल्या हौसेपायी तिथला उतार ओरबाडला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पेटी म्हणजे फिश टँकच्या दुकानातून आणलेली दोन फुटी टाकी, वर काचेचं झाकण. खडी, कोळसा, माती असे रंगीत थर लावलेली तयार टेरेरियम, म्हणजे काचेच्या भांड्यातल्या बागा, बाजारात मिळतात, ती या झाडासाठी मला पटत नाहीत. तळाशी पाणी साचतं आणि मूळ कुजायला लागलं तरी कळत नाही. मी लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस आणि पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) मिसळून साध्या प्लास्टिकच्या कुंडीत रोप लावलं आणि ती कुंडीच टाकीत ठेवली. काही बिनसलं तर कुंडी उचलून बघता येते. पाणी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं. बोअरच्या पाण्यातले क्षार मॉसला सोसत नाहीत. पानांवर फवारा मारायचा नाही, झाकण बोटभर उघडं ठेवायचं. पावसाळ्यात हवा अडली की पानांवर बुरशी चढते, म्हणून एक छोटा यूएसबी पंखा दिवसातून थोडा वेळ लावते.

आपल्या सह्याद्रीतली बेगोनिया क्रेनाटा ओल्या कातळावर फुलते, पाऊस सरला की वरून वाळून जाते आणि कंदाच्या जोरावर पुढच्या पावसाची वाट बघते. पॅव्होनिनाला अशी सुटी नाही. तिला बाराही महिने ओल लागते आणि गारवाही लागतो. खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये. बाहेर चाळीस अंश असताना बंद काचेच्या आत खोलीपेक्षाही जास्त तापतं. टाकी उत्तरेच्या खोलीत जमिनीवर उतरवायची आणि दुपारी पाण्याचा कूलर लावायचा, एवढ्यावर माझं रोप तगलं. पानं मात्र लहान आली आणि वाढ जून उजाडेपर्यंत थांबली. मुंबई-कोकणातल्या दमट उकाड्यात कूलरचा उपयोग नाही. तिथे एसीची खोली नसेल तर हे झाड घेऊ नका, असंच मी सांगेन. त्याऐवजी रेक्स जातीची बेगोनिया घ्या, ती थोडं सोसते.

पाच तारे द्यायचे तर मी चार देते. एक कापला तो उन्हाळ्यासाठी, विक्रेत्यासाठी नाही. मागवायचीच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा. मार्चनंतर कुरियरच्या गाडीत दोन दिवस तापलेलं रोप पेटी कितीही चांगली असली तरी सावरत नाही.