शेपर्ड की आर्त्योम? कथेसाठी शूटर गेम निवडताना

शूटर गेममध्ये खेळाडूच्या हातात बहुतेक वेळ बंदूकच असते, त्यामुळे अशा खेळातील पात्र एकतर लढाई थांबल्यावर होणाऱ्या संवादांतून घडते किंवा मग प्रत्यक्ष लढाईतून. बायोवेअरचा ‘मास इफेक्ट २’ (२०१०) पहिल्या वाटेने जातो, तर फोर-ए गेम्सचा ‘मेट्रो एक्झोडस’ (२०१९) दुसऱ्या. कथेच्या ओढीने शूटर खेळू पाहणाऱ्या आणि सध्या एकाच खेळासाठी वेळ असलेल्या वाचकाने या दोहोंतून निवड कशी करावी, याचा हा विचार आहे.

‘मास इफेक्ट २’मधील कमांडर शेपर्ड स्त्री असावी की पुरुष आणि तिचा पूर्वेतिहास काय असावा, हे खेळाडूच ठरवतो. जिवंत परतण्याची खात्री नसलेल्या मोहिमेसाठी एकेक साथीदार जमवायचा आणि प्रत्येकाचे अडून राहिलेले खासगी काम तडीस नेऊन त्याचा विश्वास मिळवायचा, असा या खेळाचा आराखडा आहे. क्रोगन या परग्रही वंशाची प्रजननक्षमता खुंटवणाऱ्या रोगावर काम केलेला शास्त्रज्ञ मॉर्डिन आपल्याच शिष्यावर पिस्तूल रोखतो, तेव्हा त्याला थांबवायचे का आणि त्या शिष्याचे संशोधन जपायचे की नष्ट करायचे, हा निर्णय शेपर्डवर येतो आणि त्याचे पडसाद थेट तिसऱ्या भागात उमटतात. मला मात्र गॅरस या दुसऱ्या साथीदाराचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. विश्वासघात करून आपल्या तुकडीचा घात करणाऱ्या माणसावर तो दूरवरून नेम धरून बसलेला असतो आणि शेपर्ड त्या माणसाशी बोलत नेमकी त्या रेषेत उभी असते. तिने बाजूला होणे म्हणजे गोळी सुटणे आणि जागेवर उभे राहणे म्हणजे मित्राचा सूड अडवणे. शेवटच्या मोहिमेत साथीदारांपैकी कोण वाचेल, हे त्यांचा विश्वास, अंतराळजहाजाची केलेली सुधारणा आणि कोणते काम कोणावर सोपवले यांवर अवलंबून राहते. तिथे गमावलेला माणूस पुढच्या भागात भेटत नाही.

या खेळाचा दोष त्याच्या गुणांकनात आहे. सौजन्याचे ‘पॅरॅगॉन’ आणि कठोरपणाचे ‘रेनेगेड’ असे वेगळे गुण साठत जातात आणि महत्त्वाचे काही संवादपर्याय ते पुरेसे साठल्याशिवाय खुले होत नाहीत. परिणामी प्रसंग कोणताही असो, खेळाडू एकाच बाजूची उत्तरे निवडत राहतो आणि माणसाच्या स्वभावात असणारी विसंगती शेपर्डमध्ये उतरत नाही.

‘मेट्रो एक्झोडस’मध्ये असा हिशेब दिसतच नाही. अणुयुद्धानंतरच्या मॉस्कोतून आर्त्योम, त्याची पत्नी ॲना आणि काही सैनिक ‘अरोरा’ नावाच्या वाफेच्या इंजिनाच्या गाडीने राहण्याजोगी जागा शोधत निघतात. व्होल्गाकाठी विजेला पाप मानणारा एक पंथ त्यांची वाट अडवतो. त्या लोकांच्या हाती शस्त्रे आहेत, पण ते क्रूर नाहीत. त्यांना गोळ्या घालून पुढे जाता येते, तसेच अंधाराचा आधार घेऊन, फार तर कोणाला बेशुद्ध करून, निसटताही येते. शत्रूने हात वर केल्यावरही खेळ तुम्हाला थांबवत नाही, मात्र तुम्ही काय केले याची नोंद तो ठेवतो. व्होल्गा, कॅस्पियन आणि तैगा या तिन्ही ठिकाणी आर्त्योमच्या वागण्यावर एकेका सोबत्याचे भवितव्य ठरते आणि त्यांवर अखेर शेवटही बदलतो. सूचना न देता केलेली ही मोजणी काहींना अन्यायाची वाटते. मला ती प्रामाणिक वाटते, कारण पडद्यावर कोणीही विचारत नसताना खेळाडूने जे केले, तेच त्याच्या आर्त्योमचे चारित्र्य ठरते.

याउलट आर्त्योमचे मौन खटकते. पडद्यावर खेळ लोड होत असतानाच त्याचा आवाज ऐकू येतो. एरवी ॲना मनातले सांगत राहते आणि तो गप्प असतो, त्यामुळे दोघांचे प्रेम एकतर्फी भासते. गाडीतले मुक्काम ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात. सोबत्यांजवळ नुसते थांबून त्यांचे बोलणे ऐकत राहिले, तरी ती माणसे उलगडत जातात.

‘बायोशॉक’ (२००७) हाही पर्याय म्हणून सुचवला जातो आणि समुद्रतळाचे रॅप्चर शहर पाहण्यासाठी तो जरूर खेळावा. नैतिक निवडीसाठी मात्र नव्हे. तिथे लहान मुलीचा बळी दिल्यास १६० ॲडम (नव्या शक्ती मिळवण्यासाठी खर्च करायचे द्रव्य) मिळते आणि तिला वाचवल्यास ८०, पण तीन मुली वाचवल्यावर २०० ॲडमची भेट येत असल्याने तिघींमागे फरक केवळ ४० चा उरतो आणि मोहाची धारच जाते.

माणसांच्या गोतावळ्यात रमणाऱ्या आणि सलग तीन भागांसाठी सवड असलेल्या वाचकाने २०२१ च्या ‘मास इफेक्ट लेजेंडरी एडिशन’मधून पहिल्या भागापासून सुरुवात करावी, कारण तिथले निर्णय दुसऱ्या भागात सोबत येतात. एकच खेळ पूर्ण करायचा असेल, तर मी ‘मेट्रो एक्झोडस’ सुचवेन. त्याची ‘एन्हान्स्ड एडिशन’ संगणकावर रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांच्या गणिताने दृश्य रेखाटण्याची) सोय असलेल्या ग्राफिक्स कार्डाशिवाय चालत नाही, तेव्हा जुन्या यंत्रासाठी मूळ आवृत्तीच घ्यावी. रशियन आवाज आणि इंग्रजी उपशीर्षके निवडावीत. व्होल्गाचा प्रदेश संपेपर्यंत शेवटांविषयी कुठेही काही वाचू नये.